ख्रिस्ती ईशज्ञान आणि आजचं जग: दृढीकरणाच्या वर्गात येणारे प्रश्न

बावखल

नमस्कार मंडळी. वसईच्या उत्तर पट्ट्यात, आगाशी-अर्नाळ्याच्या बाजूला, मी दृढीकरणाच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवते. दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्याने मिळालेला विश्वास पक्का करायचा विधी. मुलं नववी-दहावीची. शाळेत उत्क्रांती शिकतात, रात्री मोबाइलवर नास्तिकांचे आणि धर्मप्रचारकांचे दोघांचेही व्हिडिओ बघतात, आणि रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) माझ्यापुढे येऊन बसतात. त्यांच्या प्रश्नांनी पालक धास्तावतात. "श्रद्धा ठेव, सगळं कळेल" असं सांगून त्यांना गप्प करायची पद्धत आपल्याकडे आहे. मला ती मुळीच पटत नाही. ख्रिस्ती ईशज्ञान, म्हणजे देवाबद्दलचा विचारपूर्वक अभ्यास, असल्याच प्रश्नांतून उभं राहिलं आणि आजही तसंच चालतं, हे सांगायला धागा काढते आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनी मध्येच थांबवून विचारावं. मुद्दाम सोप्या भाषेत लिहिते.

सगळ्यात आधी येतो तो आदाम-एवेचा प्रश्न. "टीचर, डायनासोर कितव्या दिवशी झाले?" यावर मी उत्तर देत नाही. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे उत्पत्तीचा पहिला अध्याय, उजवीकडे दुसरा. मुलांनी वाचायचं आणि काय आधी, काय नंतर ते लिहायचं. डावीकडे येतं: तिसऱ्या दिवशी झाडंझुडपं, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र, पाचव्या दिवशी मासे आणि पाखरं, सहाव्या दिवशी जनावरं आणि शेवटी माणूस, तोही नर आणि नारी एकदमच. उजवीकडे येतं: रानात झुडूप उगवलेलं नसताना आधी पुरुष, मग बाग, मग पशुपक्षी आणि सर्वांत शेवटी स्त्री. दोन्ही याद्या पुऱ्या झाल्या की वर्गात कुजबुज सुरू होते. मग कुणीतरी विचारतंच, "मग खरं कुठलं?"

इथून ईशज्ञान सुरू होतं. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्यांना हा फरक दिसत नव्हता का? दिसत होता. तरीही ठेवले, कारण जग कुठल्या क्रमाने घडलं याची नोंद करायला ते बसलेच नव्हते. बहुतेक अभ्यासक मानतात की पहिला अध्याय बाबिलोनच्या बंदिवासाच्या सुमारास, म्हणजे इ.स.पूर्व सहाव्या शतकाच्या आसपास आकाराला आला. बाबिलोनमध्ये सूर्य-चंद्र हे देव. त्यांच्या राज्यात हरलेले, घरदार गमावलेले यहुदी लिहितात की ही देवाने टांगलेली एक मोठी आणि एक लहान ज्योती आहे, बस्स. नावसुद्धा घेत नाहीत. शिवाय माणूस, मग तो राजा असो की गुलाम, देवाच्या प्रतिरूपाचा. त्या काळात हे लिहायला छाती लागत होती.

आता कुणी म्हणेल, विज्ञान आलं म्हणून तुम्ही अर्थ बदलला. तसं नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन विचारतो, सूर्यच नव्हता तर पहिला, दुसरा, तिसरा दिवस मोजला कसा? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन बजावतात की आकाश, तारे, प्राणी यांबद्दल ख्रिस्ती माणूस धर्मग्रंथाच्या नावाने काहीबाही बोलला, तर जाणकार लोक त्याला हसतील आणि मग पुनरुत्थानाबद्दल तरी त्याच्यावर विश्वास का ठेवतील? डार्विनच्या १४०० वर्षं आधीची ही गोष्ट. उलट बायबलचं पान न् पान विज्ञानाच्या पुस्तकासारखं वाचायचा हट्ट बराच अलीकडचा. अमेरिकेत १९१० ते १९१५ या काळात निघालेल्या पुस्तिकांनी त्या चळवळीला 'फंडामेंटलिझम' हे नाव दिलं आणि आता मोबाइलवरून ती आमच्या वाडीत पोचली आहे.

कॅथलिक चर्चने उत्क्रांतीच्या अभ्यासाला १९५० मध्ये सावधपणे वाट दिली. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही निव्वळ गृहीतकापलीकडची गोष्ट असल्याचं सांगितलं. विश्व एका आदिअणूपासून पसरत गेलं हा विचार १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र तर बेल्जियमचे धर्मगुरूच होते. हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात. आता पालकांना कसं पटवायचं, ते तुम्ही सांगा.

सुपारीची_बाग

वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

दापोलीकर

ताई, उत्तम लेखन. मी भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं. लमेत्रबद्दल एक भर घालतो. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात विश्वाच्या या आरंभाची सांगड निर्मितीच्या श्रद्धेशी घातली, तेव्हा लमेत्रना ते आवडलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, माझा सिद्धांत भौतिकशास्त्राचा आहे. तो देव सिद्ध करायलाही वापरू नका आणि नाकारायलाही. शास्त्रज्ञ आणि श्रद्धावान, दोघांनी शिकावं असं हे वागणं आहे.

आता माझा प्रश्न. तुमचं त्रैक्य मला कधीच उमगलं नाही. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिघेही देव, तरी देव एकच. गणिताच्या माणसाला हे पचत नाही. आणि आमच्याकडे सत्, चित्, आनंद आहेच, त्याहून हे वेगळं काय? टीका म्हणून विचारत नाही, समजून घ्यायचंय.

बावखल

दापोलीकर सर, लमेत्रांची भर पुढच्या वर्गात वापरणार.

त्रैक्याकडे गणित म्हणून पाहिलं तर ते अडणारच. ते आलं कुठून ते पाहू. येशूचे पहिले शिष्य यहुदी. 'देव एकच' हे त्यांच्या रक्तात होतं, सकाळ-संध्याकाळ ते म्हणत. त्याच लोकांनी येशूच्या नावाने प्रार्थना सुरू केली, त्याला प्रभू म्हटलं आणि आपल्यात देवाचा आत्मा वावरतो असा अनुभव सांगितला. त्यांना एकदेवाचा विश्वास सोडायचा नव्हता आणि हा अनुभवही नाकारता येत नव्हता. त्यांची प्रार्थना आधी होती, ती नीट सांगणारं सूत्र सापडायला तीनशे वर्षं लागली.

आलेक्सांद्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणाला, सोपं करू या. पुत्र हा देवाने निर्माण केलेला, सर्वश्रेष्ठ, पण निर्माण केलेलाच. तर्काला हे झकास बसतं. त्याच शहरातला अथानासियस उसळून उठला. त्याचा मुद्दा असा: येशू जर देव नसेल, तर देव स्वतः आपल्याकडे आलाच नाही, त्याने एक दूत पाठवला एवढंच. मग क्रुसावर देवाचं काय पणाला लागलं? ३२५ मध्ये निकेया इथे सम्राट कॉन्स्टंटाइनने धर्मसभा बोलावली आणि 'पुत्र पित्याशी एकतत्त्व' असं ठरलं. तरी वाद मिटला नाही. पुढे अथानासियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने आत्म्याविषयीचा भाग भरला, आणि रविवारी मिस्सात आपण म्हणतो तो श्रद्धेचा अंगीकार पुरा झाला. निकेयाला २०२५ मध्ये १७०० वर्षं झाली.

हा वाद फक्त पंडितांचा नव्हता. त्या काळचा बिशप, निस्साचा ग्रेगरी, तक्रार करतो की कॉन्स्टँटिनोपलमध्ये पावाचा भाव विचारला तर पाववाला सांगतो, 'पिता मोठा, पुत्र लहान'. न्हाणीघरात पाणी तापलं का विचारलं, तर नोकर म्हणतो, 'पुत्र शून्यातून निर्माण झाला.' मला हे चित्र फार आवडतं. बाजारातली माणसं ईशज्ञानावर भांडत होती. आपल्याकडे मिस्सा सुटल्यावर कितीजण असं बोलतात?

मुलांना समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ हा दाखला बरेचजण देतात. मी देत नाही. त्यातून एकच देव तीन सोंगं आलटून पालटून घेतो असं होतं, आणि साबेल्लियसचं तसलं मत चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलं. ऑगस्टीनची वाट मला जवळची वाटते: प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम आहे तो, आणि ते प्रेम. योहानच्या पहिल्या पत्रात 'देव प्रेम आहे' असं म्हटलंय. देव सदासर्वकाळ एकटाच असेल, तर जग निर्माण होण्याआधी त्याने प्रेम कुणावर केलं? त्रैक्य सांगतं की नातं हे देवाच्या आतच आहे, ते नंतर जोडलेलं नाही.

सच्चिदानंदाबद्दल तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये त्रैक्याचं संस्कृत स्तोत्र रचलं, त्यात वंदन सच्चिदानंदालाच आहे. जवळीक खरी आहे. पण अद्वैतात सत्, चित्, आनंद एकमेकांशी बोलत नाहीत, ब्रह्माचं ते स्वरूपच. ख्रिस्ती त्रैक्यात पुत्र पित्याला हाक मारतो. पकडले जाण्याआधीच्या रात्री गेथशेमानीच्या बागेत येशूने घाम गाळत मारलेली हाक. फरक मला तिथे दिसतो.

आणि एवढं लिहूनही ऑगस्टीनचंच सांगते: जो तुला पुरता समजला तो देव नव्हे.

वेंगुर्ल्याची_माई

बाय, तुझां लिवणां चांगला, पण माका सगळां पटूक नाय.

पुढचं मराठीत लिहिते, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती. पाद्री आमच्याकडे पाठ करून उभा, आम्ही "एत कुम स्पिरितु तुओ" म्हणायचो, अर्थ कुणाला ठाऊक? आई रोझरीचे मणी ओढत बसायची. घरात सात तोंडं आणि बाबा मुंबईला गिरणीत. तिने कधी त्रैक्याचा अर्थ विचारला नाही. पण दारावर आलेला माणूस पेज घेतल्याशिवाय गेला नाही, आणि दोन मुलं गेल्यावरही ती संध्याकाळी क्रुसापुढे मेणबत्ती लावायला चुकली नाही. तिचं ईशज्ञान कमी होतं का? पोरांना फळ्यावर रेघ मारून "हे आणि ते जुळत नाही" असं दाखवलं, तर काही पोरं जुळवत बसतील आणि काही पुस्तक मिटून निघून जातील. जी निघून जातील त्यांची जबाबदारी कोण घेणार?

मिशन_कंपाउंड

माई, तुमच्या आईंना माझा दंडवत. पण जी पोरं निघून जातात, ती प्रश्न विचारल्यामुळे जातात की प्रश्नाला जागा न मिळाल्यामुळे? माझ्या घरात मी दुसरं बघितलंय.

मी रत्नागिरीकडचा, प्रोटेस्टंट. कोकणात आमची सुरुवात १८२३ मध्ये बाणकोटला स्कॉटिश मिशनऱ्यांनी केली. आमच्याकडे बायबल हाती देऊन 'तूच वाच' असं सांगायची रीत, त्यामुळे प्रश्न घरोघरी. यात मला सगळ्यात मोठ्या वाटतात त्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वॉन्टेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच त्यांनी तिथल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घातला. त्यांचं म्हणणं, त्रैक्य बायबलमध्ये कुठे लिहिलंय ते दाखवा. आमच्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून सुटून आलेय, आता दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही. मडमा चिडल्या, बाई बधल्या नाहीत. ज्यांच्या आश्रमात राहायचं त्यांच्याशीच हा वाद, तोही परक्या देशात, पदरी लहान मुलगी. आणि त्याच बाईंनी पुढे केडगावला हजारो निराधार बायका-मुलींना आसरा दिला आणि हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. प्रश्न विचारणाऱ्याची श्रद्धा ढिली असते असं कुणी म्हटलं की मी रमाबाईंचं नाव घेतो.

दुसरा मुद्दा मात्र बावखल ताईंसाठी. आजच्या जगाशी जुळवून घेण्यात धोकाही आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या ईशज्ञांनी ख्रिस्ती श्रद्धा आणि आधुनिक संस्कृती यांचं जवळजवळ लग्नच लावून दिलं होतं. श्लायरमाखरने १७९९ मध्ये सुशिक्षित टीकाकारांना समजेल अशा भाषेत धर्म मांडला, त्याची गरजही होती. पण १९१४ मध्ये जर्मनीच्या ९३ नामवंतांनी कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) युद्धाला पाठिंबा दिला, त्यात हार्नाकसारखे मोठे ईशज्ञ होते. स्वित्झर्लंडमधल्या एका गावात पाळक असलेल्या कार्ल बार्थने आपल्या गुरूंची नावं त्या यादीत वाचली आणि त्याला वाटलं की हे सगळं शिकवणंच आता पोकळ झालं. १९१९ मध्ये त्याचं बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रावरचं भाष्य आलं. देव म्हणजे आपल्या संस्कृतीचा मोठा आवाज नव्हे, तो तिला जाब विचारतो, हा त्याचा सूर. १९३४ मध्ये नाझींच्या दबावाविरुद्ध निघालेला बार्मेनचा जाहीरनामा मुख्यतः त्यानेच लिहिला: मंडळीचा प्रभू ख्रिस्त आहे, फ्यूरर, म्हणजे हिटलर, नाही.

म्हणून म्हणतो, विज्ञानाचं ऐका, पण 'जग जे म्हणेल ते' असं नको. आज बाजार म्हणतो माणसाची किंमत त्याच्या कमाईवर. तेही आधुनिकच आहे.

बावखल

मिशन_कंपाउंड दादा, बार्थचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फळ्यावरची रेघ मी जगाला खूश करायला मारत नाही. ती बायबलमध्येच आहे.

माई, तुमची काळजी खरी आहे आणि ती मी हलकी करणार नाही. जी मुलं जातील त्यांची जबाबदारी माझीही आहे. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर अनोळखी व्हिडिओवाल्याने द्यावं असं मला वाटत नाही. आणि तुमच्या आईंचं ईशज्ञान कमी नव्हतंच. ज्या आईने दोन मुलं गेल्यावर मेणबत्ती लावली तिच्याकडे देवाबद्दलचं काहीतरी ठाम उत्तर होतं. ते शब्दांत आलं असतं तर आपण सगळे शिकलो असतो.

दर्यावर्दी

टीचरबाय, मी कधी लिहीत नाही, आज लिहितो. आमची डोल जाळ्याची मासेमारी बोट आहे. तौक्ते वादळाच्या वेळी, १७ मे २०२१, बोट खाडीत आत आणून नांगरली होती, तरी वाऱ्याने दोर तुटला आणि ती दुसऱ्या बोटीवर आपटून फळ्या निघाल्या. आमचं नुकसान झालं, पण जीव वाचले. बाहेर बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ बार्ज (कामगारांची मोठी सपाट बोट) बुडून कितीतरी माणसं गेली. त्यानंतर एका प्रार्थनासभेत प्रवचन करणारा म्हणाला की हे किनाऱ्यावरच्या लोकांच्या पापाचं फळ आहे. माझी बायको रडत घरी आली. तिला वाटलं, आपण काय केलं?

बार्जवरची माणसं पोटासाठी गेली होती. फयान वादळात २००९ ला जे गेले तेही. मी रोज समुद्रावर जाताना क्रूस करतो. मग मला कुणीतरी नीट सांगा, वारा देव सोडतो का?

बावखल

दादा, आधी तुमच्या बायकोला सांगा: त्या प्रवचनकाराचं बोलणं येशूच्या शिकवणीच्या विरुद्ध आहे. हे माझं मत नाही, शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रात) छापलंय. लूकच्या तेराव्या अध्यायात येशू विचारतो, शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती यरुशलेममधल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. योहानच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. जुन्या करारात ईयोबाचे मित्र त्याला तेच ऐकवत बसतात की तूच काहीतरी केलं असशील, आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. वादळाला पापाचा हिशेब लावायचा अधिकार ख्रिस्ती माणसाला नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लिस्बनमधली चर्च भरलेली. भूकंप झाला, मग समुद्र आत आला, आणि वेदीवरच्या मेणबत्त्या पडून शहर पेटलं. आपली वसई ज्यांच्याकडे दोनशे वर्षं होती आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, त्या पोर्तुगालची ती राजधानी. 'जे आहे ते सर्वांत उत्तम जग आहे' असं म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांचा व्हॉल्तेअरने यानंतर खरपूस समाचार घेतला. आधुनिक माणसाचा देवाशी तंटा त्या दिवसापासून वाढला असं मानतात आणि मला तो तंटा रास्त वाटतो.

ईशज्ञानाकडे याची जुनी उत्तरं आहेत. सृष्टीला तिचे नियम आहेत. तापलेला समुद्र वाफ वर ढकलतो, दाब उतरतो, वारा फिरू लागतो. त्याच नियमांनी पाऊस येतो आणि खाडीत मासा येतो. देव प्रत्येक वाऱ्याचा दोर हातात धरून बसलेला नाही, त्याने जगाला स्वतःचं चालणं दिलं आहे. हे खरं मानते मी. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला एवढं पुरत नाही, पुरूही नये.

जर्मन ईशज्ञ युर्गन मोल्टमान १७ वर्षांचे होते, जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडत होते, आणि त्यांच्या शेजारी उभा असलेला मित्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. घरात धर्माचं वातावरण नव्हतं. त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा देवाला हाक मारली: देवा, तू कुठे आहेस? पुढे युद्धकैदी असताना स्कॉटलंडच्या छावणीत कुणीतरी बायबल दिलं. मार्कच्या शुभवर्तमानात क्रुसावरच्या येशूची आरोळी त्यांनी वाचली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" आणि त्यांना वाटलं, माझा प्रश्न विचारणारा हा माझ्यासोबत आहे. पुढे त्यांचं सगळं ईशज्ञान तिथून वाढलं. जर्मन पाळक बाँहोफरनेही १९४४ मध्ये नाझींच्या तुरुंगातून लिहिलं की सोसणारा देवच आपल्याला मदत करू शकतो. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फासावर दिलं.

म्हणून तुम्ही विचारलंत तर माझं उत्तर असं: नाही, त्या माणसांवर वारा देवाने सोडला नाही. देव त्या बार्जवर होता, बुडणाऱ्यांच्या बाजूला. हे मी सिद्ध करू शकत नाही. क्रूस पाहून मी ते मानते.

दर्यावर्दी

बायकोला वाचून दाखवलं. लूकचा तेरावा अध्याय तिने दोनदा वाचायला लावला.

कांदळवन

मी मालवणचा, देव न मानणारा. चर्चा चांगली चालली आहे म्हणून इतका वेळ गप्प होतो. पण कोकणात ख्रिस्ती ईशज्ञानावर बोलताना गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेच्या नावाने खटले चालवणारं धर्मन्यायालय, वगळता येणार नाही. १५६० ते १८१२. आमच्या कितीतरी घराण्यांच्या कुलदेवता रातोरात नदीपार गेल्या, माणसं गावं सोडून आली. तुमचा 'देव प्रेम आहे' तेव्हा कुठे होता? आणि गॅलिलिओला १६३३ मध्ये दोषी ठरवणारं चर्च ती चूक १९९२ मध्ये मान्य करतं, तर आधुनिक जगाशी संवाद हा शब्द जरा मोठा नाही का?

बावखल

कांदळवन, हे विचारायलाच हवं होतं. इन्क्विझिशनचा बचाव मी करणार नाही, 'तो काळच तसा होता' असंही म्हणणार नाही. त्या काळातही येशूचं शुभवर्तमान तेच होतं.

पण ते कुठल्या विचारातून घडलं हे सांगणं ईशज्ञानाचं काम आहे. विचार असा होता की सत्य एकच, म्हणून चुकीच्या मताला कसलाही हक्क नाही. राजसत्ता हाताशी असली की या वाक्याचा तुरुंग व्हायला वेळ लागत नाही. एकोणिसाव्या शतकातही चर्चने हीच वाट धरली. १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी ८० मतं चुकीची ठरवली. शेवटचं मत होतं की पोपने प्रगती, उदारमत आणि आधुनिक संस्कृती यांच्याशी समेट करावा. १९१० पासून धर्मगुरूंना आधुनिकतावादाविरुद्ध शपथ घ्यावी लागे, ती १९६७ पर्यंत होती.

मग १९६२ ते १९६५ जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. ७ डिसेंबर १९६५ ला धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २३०८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाला. सत्य तेच आहे, पण हक्क मताला नसून माणसाला असतात, आणि श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती करता येत नाही, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. उत्पत्तीचा पहिला अध्यायच. अमेरिकेचे जॉन कोर्टनी मरे हे याचे मोठे शिल्पकार, आणि १९५० च्या दशकात त्यांना याच विषयावर लिहायला मनाई झाली होती. १२ मार्च २००० ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाने केलेल्या बळजबरीबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली.

उशीर झाला, तुमचं खरं. तुमच्या कुलदेवतांची पालखी उलट फिरणार नाही. माझ्या मुलांना मी हे सगळं शिकवते, १५६० सुद्धा. ते लपवून येशूबद्दल बोलायला माझी जीभ रेटत नाही.

कांदळवन

सरळ उत्तराबद्दल आभार. देवाबद्दल आपलं जमणार नाही, पण तुमच्या वर्गात माझा भाचा असता तर मला चाललं असतं.

दापोलीकर

मग आता शेवटचा अवघड प्रश्न विचारूनच टाकतो. मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. तुमच्या ईशज्ञानानुसार माझं तारण आहे का?

बावखल

सर, तिसऱ्या शतकात बिशप सिप्रियन म्हणाला, चर्चबाहेर तारण नाही. तो बोलत होता फूट पाडणाऱ्या ख्रिस्ती लोकांना, पण पुढे ते वाक्य साऱ्या जगाला लावलं गेलं आणि १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने फार कडक शब्दांत मांडलं. तरी ते शब्दशः घेणाऱ्या लेनर्ड फीनी या बोस्टनच्या धर्मगुरूला १९५३ मध्ये चर्चनेच बहिष्कृत केलं. १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय शुभवर्तमान ठाऊक नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्‌सद्विवेकाला जागून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पुढच्या वर्षीच्या दस्तऐवजात हिंदू धर्माचं नाव घेऊन सांगितलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही.

मग 'कसं' यावर वाद आहे आणि तो मिटलेला नाही. जर्मन ईशज्ञ कार्ल राहनर म्हणे, असा माणूस नकळत ख्रिस्ताच्याच कृपेत असतो. अनेकांना हे आगाऊपणाचं वाटलं. तुम्हाला न विचारता तुमच्यावर चिठ्ठी कशाला लावायची? भारतात अनेक वर्षं शिकवलेले जेझुइट जाक द्युप्वी म्हणाले की इतर धर्म देवाच्याच योजनेत असू शकतात, तर रोमने त्यांची चौकशी केली. माझी स्वतःची धारणा अशी की तारण येशूच्या द्वारेच आहे, आणि त्याचा हात कुठवर पोचतो हे ठरवणारी मी कोणी नाही. तुम्ही भेटलात तर मी तुमच्याशी येशूबद्दल बोलेन, कारण मला तो सांगावासा वाटतो. तुम्ही मला गीता सांगा.

मिशन_कंपाउंड

ताई, इथे आपलं थोडं वेगळं आहे. राहनरपेक्षा मी बार्थकडे झुकतो. देवाने ख्रिस्तात सगळ्या मानवजातीला हो म्हटलं आहे, त्यापुढचं त्याच्यावर. पण नवा धागा काढा, इथे मावणार नाही.

वेंगुर्ल्याची_माई

लूक वाचून त्या पोरीला धीर आला, हे वाचून माझं मत जरा हललं. बाय, तुझ्या वर्गातला त्या दोन रकान्यांचा फळा मला नीट लिहून पाठव. आमच्याकडे उपवासकाळात संध्याकाळी बायका जमतात, त्यांच्यापुढे मी वाचेन. पण आधी प्रार्थना, मग फळा. हा क्रम मी मोडणार नाही.

दर्यावर्दी

टीचरबाय, मला स्वतःला वाचायचंय. पहिलीपासून शाळा नको, एकच पुस्तक सांगा. जून-जुलैत बोट वर असते, तेव्हा वेळ असतो.

बावखल

मार्कचं शुभवर्तमान वाचा, दादा. चारांत सगळ्यात लहान, १६ अध्याय. बहुतेक अभ्यासकांच्या मते सगळ्यात आधी लिहिलेलंही तेच. चौथ्या अध्यायाच्या शेवटी होडीत पाणी भरत असतं, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला असतो आणि शिष्य त्याला उठवून जवळजवळ भांडतात, "गुरुजी, आम्ही बुडतोय, याची तुम्हाला काळजी नाही का?" तिथे थांबून बायकोबरोबर बोला. पंधराव्या अध्यायात मोल्टमानने वाचलेली येशूची आरोळी येईल. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाला आत्ता हात लावू नका, ते सोबत कुणीतरी असताना वाचायचं पुस्तक आहे.

माई, तुमचा क्रम कबूल. फळा उद्या लिहून पाठवते.